विजेवरची गजी

"श्वास घ्या. आणखी घ्या. आता धरा," लालासाहेब म्हणाला आणि बटणाकडे वळला.

कोंडीबानं श्वास धरला. म्हसवडकडचा सत्तरीचा मेंढपाळ. छातीचा एक्स-रे फोटो काढायला मिरजेच्या दवाखान्यात आलेला. उघड्या अंगानं प्लेटला चिकटून, दोन्ही हात कमरेवर ठेवून तो उभा होता. तशात त्यानं मान वळवली आणि धरलेल्या श्वासातच बोलला,

"तुमी ते विजेवरच्या गजीवालं लालासाहेब न्हवं?"

"हलू नका."

"आवं, काय कॅसेट हुती! जत्रंत दुसरं काय लावायचंच न्हाईत. आमची मेंढरंबी वळखायची. मला वाटलं, तुमी गेला."

"कुठं गेलो?"

कोंडीबानं कमरेवरचा हात काढून वर बोट दाखवलं. फोटो हलला. दुसरी फिल्म घालावी लागली.

दोन महिन्यांत असं विचारणारा हा चौथा माणूस. एकानं विचारलं तर तो गैरसमज असतो, चौघांनी विचारलं तर त्यामागं कुणीतरी असतं, असं लालासाहेबचं मत होतं.

त्याचं वय सत्तेचाळीस. नावातच साहेब असल्यामुळे वेगळं साहेब त्याला कुणी म्हणत नसे. पेशंट त्याला डॉक्टर म्हणत आणि डॉक्टर त्याला 'अहो फोटो' म्हणत. बारा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, त्यानं एक कॅसेट काढली होती. धनगरांच्या गजी नाचाचा ढोल, झांजा, सनई, सगळं त्यानं एकट्यानं सिंथेसायझरवर वाजवलं होतं. चामडं नाही, फुंकर नाही, नुसती बटणं आणि वीज. म्हणून नाव 'विजेवरची गजी'. म्हसवड ते आटपाडी असा एक ट्रक नव्हता की ज्यात ती वाजली नाही.

त्यानंतर काय केलं, असं त्याला कुणी विचारत नसे. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. गेली सहा वर्षं तो 'अंधारखोली' नावाची नवी कॅसेट रचत होता आणि ती चोरीला जाईल असा त्याला संशय होता. कोण चोरणार ते अजून ठरलं नव्हतं. म्हणून त्यानं ती कुणालाच ऐकवली नव्हती. बायकोलाही नाही. बायकोवर तसा संशय नव्हता, पण तिचा भाऊ तासगावला बँडमध्ये होता.

त्याच दिवशी दुपारी पत्र आलं. सांगलीचं कृष्णाकाठ संगीतरसिक मंडळ त्याला जीवनगौरव देणार होतं. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, शाल, श्रीफळ आणि मानपत्र. खाली लिहिलं होतं, 'आपण आपल्या गाजलेल्या कॅसेटमधील रचना सादर कराव्यात, ही विनंती.'

दुसरा कुणी खूश झाला असता. लालासाहेबला घाम फुटला. शाल ही वस्तू दिसते तितकी साधी नाही, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. मिरजेतल्या एका सतार करणाऱ्या कारागिराला शाल मिळाली, तेव्हापासून गिऱ्हाइकं सतार मुलाकडे मागतात आणि म्हाताऱ्याला नुसता नमस्कार करतात. साताऱ्याचा एक पहिलवान शाल मिळेपर्यंत कुस्ती खेळत होता. मिळाल्यावर त्याला आखाड्याबाहेर खुर्ची देऊ लागले. वाईच्या एका कीर्तनकारांना तर शाल मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी हात धरून रस्ता ओलांडून दिला. त्यांना ओलांडायचा नव्हता.

"कुनाचं तरी काम हाय ह्ये," घरी आल्यावर तो मंगलला म्हणाला.

मंगल लसूण सोलत होती. "कशाचं?"

"सत्काराचं. मला संपवायचा डाव हाय."

"शाल लोकरीची हाय का टेरिकॉटची?"

"मंगल, मी काय सांगतोय—"

"आवं, पन संपवायचं म्हंजी काय? तुमी चालू हाय ह्ये कुनाला ठावं हाय? बंद घराला पुन्ना कोन कुलूप लावतंय?"

यावर लालासाहेबनं बराच वेळ विचार केला. शेवटी त्याला असा संशय आला की बायको बरोबर बोलतेय.

शुक्रवारी सुट्टी काढून तो सांगलीला गेला. गणपती पेठेत नाथाजीचं कॅसेटचं दुकान होतं. 'विजेवरची गजी' नाथाजीनंच काढली होती. तो पेन्सिलीवर कॅसेट अडकवून गरागरा फिरवत बसला होता.

"या, जीवनगौरव," नाथाजी म्हणाला.

लालासाहेबला पुढे चौकशी करायची गरजच उरली नाही. "म्हंजी मंडळाला तूच सांगितलंस."

"मग? सत्कार झाला की जुनी कॅसेट पुन्ना उठती. नवं कव्हरबी छापलंय, बग."

कव्हरवर लालासाहेबचा फोटो होता. फोटोभोवती झेंडूचा हार छापलेला होता.

"हार कशाला?"

"शोभंला."

"नाथा, जित्या मानसाच्या फोटूला हार?"

"तू हायेस म्हनून डिझाईनवाल्याला कुनी सांगितलंच न्हाई रं."

लालासाहेबनं कव्हर उलटं ठेवलं. "माजी नवी कॅसेट तयार हाय. ती काढ."

पेन्सिल थांबली. नाथाजीनं डॉक्टर वाईट बातमी देताना करतात तसा चेहरा केला.

"ह्ये बग गड्या. तू मिरजेत ऱ्हातोस, तुला तर कळाय पायजे. सतार जुनी झाली की गोड हुती. वाजवनारा म्हातारा झाला की लोक म्हनत्यात, पिकला. तुजं वाद्य तसं न्हाई. विजेचं वाद्य नवं असतं तवाच गोड. दोन वर्सात दुसरं मॉडेल येतंय. सतारवाला सत्तरीला उस्ताद हुतो, तू सत्तेचाळिसाला जुनं मॉडेल झालास. तुमा लोकांचं जे काय बरं व्हायचं, ते पयल्या झटक्यात हुतंय. फुडं नुसतं बटन दाबनं."

"ह्ये न ऐकताच?"

"ऐकून मत बदलायला लागलं तर? येळ कुनाला हाय?"

लालासाहेब उठला. "रविवारी मी नवं वाजवतो. लोकांनी शेवटपातूर ऐकलं, तर तू काढायची. जुनं मागितलं, तर शाल घेतो आन् मशीन विकून टाकतो."

"इमानानं?"

"इमानानं."

"आन् हरलास तर हार ठेवायचा?"

"ठेव."

रविवारी सभागृहात सत्तरएक माणसं होती. त्यातली तीसएक लालासाहेबसाठी आणि बाकीची नाश्त्यासाठी आली असावीत, असा त्याचा अंदाज होता. पहिल्या रांगेत मंगल इस्त्रीचं लुगडं सांभाळत बसली होती. तिच्यामागं नाथाजी होता. अध्यक्ष होते चिंतामणराव, मूळचे वाईचे, निवृत्त मुख्याध्यापक. गेल्या दोन वर्षांत त्यांनी इतक्या शोकसभा केल्या होत्या की त्यांच्या गळ्याला तेच वळण पडलं होतं.

"लालासाहेब म्हणजे एक पर्व होतं," चिंतामणराव म्हणाले.

लालासाहेबनं मागे वळून पाहिलं.

"स्वभाव अत्यंत मनमिळाऊ होता. कधी कुणाला दुखावलं नाही. त्यांची उणीव..." इथं त्यांनी चष्मा पुसला. "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, अशी मी विनंती करतो."

सगळे उभे राहिले. लालासाहेबही राहिला. एकट्यानंच बसणं बरं दिसलं नसतं. दोन मिनिटांत त्याला स्वतःविषयी थोडं वाईटही वाटलं. मग मंडळाच्या चिटणिसांनी चिंतामणरावांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांनी लालासाहेबकडे नीट निरखून पाहिलं आणि "आता प्रत्यक्ष त्यांनाच ऐकू या," असं म्हणून ते खाली बसले.

लालासाहेबनं सिंथेसायझरचं मशीन चालू केलं. माइक हातात घेतला. "मंडळी, आज मी अंधार—"

"विजेवरची गजी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गजी! गजी!" अख्खं सभागृह म्हणू लागलं. नाथाजीनं तिथूनच दोन्ही हातांनी हवेत गळ्याभोवती हाराचा आकार काढून दाखवला.

लालासाहेबनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "गजी वाजवतो."

आणि त्यानं 'अंधारखोली' वाजवायला घेतली.

आधी नुसती एक खालची घरघर आली, यंत्र तापायच्या वेळी येते तशी. मग एक सूर वर चढला आणि थांबला. इतका वेळ थांबला की ऐकणाऱ्यांनी नकळत श्वास धरला. मग तो सुटला. चाळीस मिनिटांत ढोलाचा एक ठोका नाही, झांज नाही, सनई नाही. अंधारात उभा असलेला माणूस आणि त्याच्या आत हळूहळू दिसू लागणारं काहीतरी, एवढंच त्यात होतं. लालासाहेब वाजवता वाजवता लोकांचे चेहरे तपासत होता. आता कोण उठतंय, आता कोण ओरडतंय.

कुणी उठलं नाही. लोकांनी डोळे मिटले. माना डोलू लागल्या. तिसऱ्या रचनेत तर चिंतामणरावांना हुंदका आवरेना.

"हेच ते!" ते शेजाऱ्याला म्हणाले. "आमच्या क्षमाच्या लग्नात हेच लावलं होतं. बरोबर ही जागा आली आणि वरात वळली!"

ती जागा लालासाहेबनं गेल्या मंगळवारी बांधली होती.

वाजवणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. "पुन्हा! पुन्हा!" मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "आता असलं कोण करतंय? जुनं ते जुनं." लालासाहेबनं माइक उचलला.

"मंडळी, ही गजी न्हवती. ह्ये नवं हाय. आजच पयल्यांदा वाजवलंय."

मग त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा झाला. "लालासाहेब विनोदीही होते, हे मला माहीत नव्हतं!" चिंतामणराव डोळे पुसत म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यांवर शाल टाकली. शाल टेरिकॉटची होती.

पडद्यामागे नाथाजी आला. "जिंकलास. काढू."

"नाव काय घालनार?"

"विजेवरची गजी. मूळ संच."

"पन ही 'अंधारखोली' हाय."

"सत्तर मानसांनी सांगितलं न्हवं का, काय हाय त्ये? सत्तर मानसं खोटी आन् तू येकटा खरा? काय फरक पडतोय रं तुला? तुजं नवं घराघरात जाईल. नुसतं जुनं म्हनून जाईल, येवढंच."

सहा वर्षांचं काम घराघरात. लालासाहेबच्या तोंडाला पाणी सुटलं.

"मग ऱ्हाऊ दे, काढूच नगं," तो म्हणाला. "आन् कव्हरवरचा हार काढ. इमानानं ठरलंय."

मिरजेच्या बसमध्ये दोघांना जागा मिळाली. लालासाहेबनं मशीन दोन्ही गुडघ्यांमध्ये उभं धरलं होतं. मंगलच्या मांडीवर नारळ होता. आजवर त्यानं पुष्कळांवर संशय घेतला होता, मेव्हण्यावर, नाथाजीवर, डिझाईनवाल्यावर. आज पहिल्यांदाच त्याला स्वतःचा संशय आला होता.

"मंगल, खरं सांग. जुनं आन् नवं एकच हाय का? सा वर्सं मी त्येच त्येच करत बसलो का?"

"मला काय कळतंय संगीतातलं."

"झालं."

"पन आज वाजवलं ते जुनं न्हवतं, येवढं ठावं हाय."

नवऱ्याचं मन राखायला बायका असं बोलतात, हे त्याला माहीत होतं. "कशावरनं? तू कवा ऐकलंस?"

"तुमी ते हेडफोन कानाला लावून बसता न्हवं का? सूर तुमाला. आमाला नुसती बटनं. सा वर्सं भाकरी थापताना टकटक ऐकलीया मी. आज कळलं, त्यात काय हुतं ते."

"टकटकीवरनं काय कळतंय?"

मंगलनं नारळ त्याच्याकडे दिला. पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर तिनं दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि वाजवू लागली. दोन ठोके. मग मोठी जागा रिकामी. मग एक. मग भराभर सात. बस खडखडत होती, कंडक्टर मशीनचं अर्धं तिकीट मागत होता, आणि लालासाहेबला दांडीतून 'अंधारखोली'ची पहिली रचना ओळखू आली. मग दुसरी. तिसरीत मध्येच मंगल थांबली, चार ठोके मागे गेली आणि पुन्हा पुढे निघाली.

"हितं चुकलीस," तो म्हणाला.

"मी न्हाई. हितं तुमी चुकता. रोज. मग मागनं धरता."

"आज न्हाई चुकलो."

"आज न्हाई. म्हनून तर जरा परकं वाटलं."

विश्रामबागेला चार माणसं चढली. एकानं सरकून घ्यायला सांगितलं. लालासाहेब सरकला, वाकला आणि त्यानं दांडीला कान लावला. मंगलनं वर पाहिलं नाही. तिनं तिसरी रचना पुन्हा पहिल्यापासून धरली, चुकीसकट.