बुरशीची खालची बाजू

मी झाडाच्या खोडावरची बुरशी बोलते आहे. मला डोळे नाहीत. त्यामुळे पुढे जे सांगेन त्यातले काही ऐकलेले आहे आणि काही स्पर्शाने कळलेले. या दोहोंत गल्लत होऊ नये याची मी काळजी घेईन. माझ्या तोडणीची हकीकत विज्ञान शिकवणाऱ्या दीप्ती मॅडमनी गेल्या ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, सहशिक्षक विनीत सरांना सांगितली. ती मी त्यांच्या कापडी पिशवीतून ऐकली. कोलशेतला एका बंद कारखान्याच्या कुंपणाशी अर्धा वाळलेला गुलमोहर होता आणि त्याच्या खोडातून मी फळीसारखी बाहेर आलेली होते.

विनीत सरांनी मला हातात घेतले. "भाकरी करपली वाटतं. डब्यात असती तर खाल्ली असती मी."

"खा की. दात राहिले तर कळवा," मॅडम म्हणाल्या.

घोडबंदर रोडवरच्या त्या शाळेत बुरशीचा एक छापील तक्ता होता. मुले तो मोठ्याने वाचत, म्हणून मला ठाऊक. त्यावर लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची छत्री होती. तशी छत्री ठाण्यात कुणाला सापडल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही. तरीही वर्षानुवर्षे मुलांनी तीच काढली, तीच रंगवली आणि तिच्यासाठीच गुण मिळवले. डोळे असलेल्या प्राण्यांनी ही सोय करून घ्यावी, याची मला कीव येते.

दीप्ती मॅडमचा सहावीचा शुक्रवारचा तास मात्र वेगळा होता. टेबलावर चार ट्रे असत. खाली पातळ पडदे असलेल्या बुरशा पहिल्यात; खाली बारीक छिद्रे असलेल्या दुसऱ्यात; चेंडूसारख्या तिसऱ्यात; वाटीसारख्या किंवा कानासारख्या चौथ्यात. नियम एकच होता. आधी उलटून पाहायचे, नाव शेवटी. माझ्या तळावरून त्या तासाला जितकी बोटे फिरली, तितकी गुलमोहरावर मुंग्यांचीही पावले फिरली नसतील. ती बोटे मला आवडली, हे नमूद करते, कारण यापुढे आवडण्यासारखे फारसे नाही.

सप्टेंबरात विज्ञान प्रदर्शन ठरले. पर्यवेक्षिका हेमा मॅडम यांनी आधीच बजावले, "दीप्ती, पाहुण्यांसमोर मुलं अडली, तर हा तास मी ऑलिम्पियाड परीक्षेच्या तयारीला देणार. पेरेंट्स विचारतात गं, ट्रेमध्ये बुरशी ठेवून काय होतं म्हणून."

"नाही अडणार, मॅडम. फक्त हिची खालची बाजू मोकळी राहू दे. मुलं तिच्यावरूनच ओळखतात."

"अगं, खाली वाकून कोण बघतंय? इतकी काळी आहे ती. जरा प्रेझेंटेबल करू."

माझ्या पाठीवर ओला, उग्र वासाचा थर बसला. गणपतीच्या मखरातून उरलेला सोनेरी रंग तो, असे कुणीतरी म्हणाले. मग तळाला फेविकॉल थापून मला पुठ्ठ्यावर पालथे दाबले आणि शेजारी 'विषारी' अशी पट्टी लावली. मी विषारी असल्याचे कुणी तपासले नव्हते. माझी एकमेव ओळख त्यांनी स्वतःच्या हातांनी बुजवली आणि मग मुलांना मला ओळखायला सांगितले. मूर्खपणात इतकी मेहनत फक्त माणूसच घेतो.

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांनी विचारले, "ही कुठल्या ट्रेमध्ये जाईल?"

"विषारीत, सर," सहावीतला सुमित म्हणाला. "सोनेरी आहे ना."

"असा ट्रेच नाहीये आपल्याकडे," रुचिता त्याला म्हणाली. ही त्याच वर्गातली. "सर, खाली बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

"अंदाजे सांग, बाळा."

"अंदाज शेवटी, सर. आधी उलटायचं असतं."

"रुचिता, सरांना उत्तर दे," हेमा मॅडम म्हणाल्या.

तिने उत्तर दिले. दोन्ही हातांनी मला धरले आणि ओढले. मी मधोमध तडकले. अर्धी तिच्या हाती आले, अर्धी पुठ्ठ्यालाच राहिले. जिथे फेविकॉल पोचला नव्हता, त्या कडेवरून तिचे बोट सावकाश फिरले.

"छिद्रं आहेत. दोन नंबरचा ट्रे."

उत्तर बरोबर होते. ते बरोबर आहे की चूक, हे कुणी विचारले नाही. पाहुणे म्हणाले, "अरेरे, बोर्ड छान झाला होता." पुढच्या शुक्रवारपासून तो तास ऑलिम्पियाडला गेला. कारण सांगण्यात आले ते प्रदर्शन साहित्याच्या नुकसानीचे.

हल्ली माझा एक अर्धा भाग रुचिताच्या कंपासपेटीत आहे, कर्कटकाशेजारी. कंटाळा आला की ती माझ्या कडेवरून बोट फिरवते. वाचकहो, माझ्या पाठीवरच्या सोनेरी रंगाला भुलू नका आणि मला सरळ ठेवून माझ्याविषयी मत देऊ नका. एवढे श्रम झेपत नसतील, तर मतच देऊ नका.

एक गोष्ट राहिली. रुचिता सुमितला सांगत होती की प्रदर्शनाच्या दिवशी शाळा सुटल्यावर ती विसरलेली पाण्याची बाटली आणायला वर गेली, तेव्हा हेमा मॅडम तो पुठ्ठा घेऊन खिडकीशी एकट्याच उभ्या होत्या. माझा उरलेला तुकडा त्यांनी खरवडून काढला होता आणि तो उलटा करून भिंगाखाली धरला होता. सुमित म्हणाला, "फेकतेस काय?" रुचिताने शपथ घेतली. त्या तुकड्यावर बोट फिरले असते, तर मी तुम्हाला निश्चित सांगितले असते. नजरेला स्पर्श नसतो. हा भाग मला शेवटपर्यंत पडताळता आला नाही.