मी, धोंडूमेस्त्रींची गळकी टाकी

मी एक जुनी काचेची टाकी आहे. माशांची. मुक्काम पूर्णगड, धोंडूमेस्त्रींच्या घराची ओटी. मित्रांनो, तुम्ही कधी मला बघायला आलात तर आधी तुम्हाला चंपा दिसेल, कारण ती नारिंगी आहे आणि एका जागी कधी थांबत नाही. पण जरा वाकून माझ्या डाव्या अंगाची काच बघा. खालच्या कोपऱ्यातून वीतभर वर चढलेली एक बारीक रेघ दिसेल. ती माझी भेग. येणारे-जाणारे ती बघून हळहळतात. मला मात्र तिचा अभिमान वाटतो. का वाटतो, तेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म रत्नागिरी शहरातल्या एका काचवाल्याच्या दुकानात झाला. त्याने हिऱ्याच्या कणीने मोठ्या काचेवर रेघा ओढल्या, टेबलाच्या कडेवर हलका दाब दिला, आणि एकीच्या पाच काचा झाल्या. एक तळाची, चार बाजूंच्या. मग सिलिकॉन नावाच्या पारदर्शक, रबरासारख्या डिंकाने त्याने त्या पाची जणींना चिकटवलं. त्या दिवशी मी झाले.

तिथून मी दातांच्या एका दवाखान्यात गेले. गाल धरून बसलेली माणसं माझ्याकडे बघायची आणि हळूहळू त्यांचा हात गालावरून खाली यायचा. एक आजोबा तर दाढ काढायला आले, माशांच्या मागे डोळे फिरवता फिरवता झोपी गेले, आणि त्यांचा नंबर निघून गेला. उठल्यावर म्हणाले, "आता दुखत नाही, उद्या येतो." डॉक्टर माझ्यावर थोडे रागावलेच असतील. पण मुलं मला बघून रडायचं थांबायची, म्हणून माझं कौतुकही खूप होई.

पुढे दवाखान्याचं रूप बदललं. भिंतीवर मोठा टीव्ही आला आणि मी अडगळ झाले. तिथे काम करणारा अभय मूळचा पूर्णगडचा. तो मला टेम्पोतून घरी घेऊन आला. त्याने मला अंगणातल्या जांभ्या दगडाच्या पायरीवर ठेवलं आणि धुण्यासाठी काठोकाठ भरलं. जांभा कधी सपाट नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा एक कोपरा अधांतरी राहिला. पाण्याचा सगळा भार तिथे आला आणि 'कट्' असा आवाज झाला. एवढासाच. पाणी अंगणभर पसरलं आणि अभयच्या कोंबड्या ते आनंदाने प्यायल्या.

त्यानंतर अभयने माझ्यात पेंढा अंथरून आंब्यांची अढी घातली. दोन मोसम मी हापूस पिकवले. वास फार छान यायचा, नाही कशाला म्हणू? पण आंबे संपले की माझ्यात तुटक्या चपला आणि दोरीची गुंडाळी पडून राहायची. माशांसाठी जन्मलेल्या टाकीला चपला सांभाळताना काय वाटत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

एका सोमवारी अभयचा दरवाजा नीट करायला धोंडूमेस्त्री आले. हे पूर्णगडचे जुने, होड्या बांधणारे मेस्त्री. आता खाडीत फायबरच्या होड्या फार झाल्या, म्हणून ते दारं-खिडक्या करतात. त्यांनी मला बोटाने वाजवून बघितलं.

"हिचं काय करतोस रे अभय?"

"आंबे पिकवतो, काका. तडकलीय ती. पाणी ठरत नाही."

"माज्या नातीला हवी हाय. दरवाजाच्या मजुरीत दे."

"न्या की. पण काका, ती काच आहे, फळी नव्हे."

"गळती ती गळती. पन्नास वर्सं दुसरं काय केलंय मी?" मेस्त्री म्हणाले आणि मला खांद्यावर घेऊन निघाले.

घरी सानवी वाट बघत होती. ही मेस्त्रींची नात, चौथीतली. आई-बाबा मुंबईला नोकरीला, म्हणून ती आजी-आजोबांकडे राहते. वाढदिवसाला मामाने तिला एक चिमुकली गोल्डफिश दिली होती, तीच चंपा. चंपा लोणच्याच्या जुन्या बरणीत राहायची. पण वर्षभरात ती चांगली बोटभर लांब झाली होती. आता ती बरणीत वळायला लागली की शेपटी काचेला घासायची, आणि दिवसभर पाण्यावर तोंड काढून हवा गिळायची. आदल्याच दिवशी सानवी मामाबरोबर तिला रत्नागिरीला, शोभेचे मासे विकणाऱ्या श्रद्धाताईच्या दुकानात घेऊन गेली होती. श्रद्धाताई म्हणाली, "हिचा श्वास कोंडतोय. आठवडाभरात मोठी टाकी कर. नाही जमलं तर पुढच्या रविवारी मला आणून दे, मी सांभाळीन. पण या बरणीत ती जगायची नाही."

सानवी तेव्हापासून धड जेवली नव्हती.

"रविवारी चंपा या टाकीत असंल," मेस्त्री म्हणाले. "माज्या हातची होडी कधी गळली नाय. मेस्त्रीचा शबूद हाय, बाय."

चुलीपासून गोदाआजीचा आवाज आला. गोदाआजी म्हणजे मेस्त्रींची बायको, बंदरावरून मासे आणून गावोगाव विकणारी. "चाळीस वर्सं मासे इकले मी. गिऱ्हाईक मासा कापून नेतं. पोसायला नेणारं एक नाय भेटलं."

"आजी, चंपाच्या समोर असं नको गो बोलू," सानवी म्हणाली.

आता मेस्त्रींनी काय केलं ते ऐका. लाकडी होडी बरेच दिवस किनाऱ्यावर उन्हात राहिली की तिच्या फळ्या सुकतात आणि सांधे उघडतात. मग सांध्यात कापूस नि राळ-तेल भरतात आणि होडी पाण्यात सोडून देतात. एक-दोन दिवसांत फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना घट्ट भिडतात आणि गळती थांबते. पूर्णगडच्या पोराटोरांनाही हे माहीत आहे. मेस्त्रींनी माझ्या भेगेवर राळ-तेल चोपडलं, मला खाडीवर नेलं, होडीच्या खुंट्याला दोरीने बांधलं आणि पाण्यात सोडून दिलं.

दोन दिवस मी खाडीत होते. खोटं बोलणार नाही, मला मजा आली. भरती आली की मी भरायचे, ओहोटीला रिकामी व्हायचे. खेकड्याच्या जातीची एक कुर्ली माझ्यात येऊन कोपऱ्यात बसली, आणि आपल्याला सगळं दिसतंय तरी बाहेर का जाता येत नाही, याचा विचार करत राहिली. काठावर पोरं जमायची. "मेस्त्रीकाका, काच फुगली काय?" असं विचारून पळून जायची.

बुधवारी संध्याकाळी मेस्त्रींनी मला घरी आणून गोड्या पाण्याने धुतलं आणि भरलं. भेगेतून पाण्याची बारीक धार लागली. अगदी पूर्वीसारखी. वर तेल चोपडलेलं, त्यामुळे आता धार चमकतही होती.

मेस्त्रींनी उकिडवं बसून धारेखाली बोट धरलं. मग हळूच म्हणाले, "फुगली नाय."

"काच कधी फुगते काय?" गोदाआजी म्हणाली. "फुगायला ती काय पुरी हाय?"

सानवी हसली नाही. ती बरणीकडे बघत होती. चंपाचं तोंड पाण्याबाहेर होतं आणि शेपटी हलत नव्हती. "आबा," ती म्हणाली, "श्रद्धाताईला विचारूया ना."

"गळती कशी थांबवायची ते मी विचारू? दुकानातल्या पोरीला?"

"तूच मला सांगतोस ना, वर्गात कळलं नाही तर हात वर करायचा. लाजायचं नाही."

मेस्त्रींनी मला रिकामं करून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून पहिल्या एसटीने सानवीबरोबर रत्नागिरीला गेले. दुकानात काय घडलं ते सानवीने परत आल्यावर आजीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"आजी, आबाने दुकानात शिरून खरंच हात वर केला. ताईला वाटलं, आबा तिला रामराम करतोय."

श्रद्धाताईने सगळं समजावून दिलं होतं. काच पाणी पीत नाही, म्हणून ती फुगत नाही. भेगेवर आतल्या बाजूने काचेची दुसरी पट्टी बसवायची. पण त्याआधी तेलाचा थेंब न थेंब पुसायचा आणि तिथलं जुनं सिलिकॉन खरवडून काढायचं, कारण जुन्यावर नवं चिकटत नाही. सिलिकॉन माशांच्या टाकीचंच हवं. न्हाणीघराचं चालत नाही, त्यात बुरशी मारायचं औषध असतं, ते माशांना विष. आणि मग पुरे दोन दिवस हात लावायचा नाही. तोवर चंपाला पसरट भांड्यात ठेवायचं, म्हणजे तिला हवा मिळेल.

"हे तर मला ठाऊक होतं," मेस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले. "होडीतबी जुनी राळ उकरून काढल्याबिगर नवी भरीत नाय. पोरं घाई करायची तेव्हा मी त्यांच्या हातावर फटका द्यायचो. आता माज्या हातावर कोण देणार?"

"मी हाय की," गोदाआजी म्हणाली.

पण फटका द्यायच्या ऐवजी ती उठली आणि आपला निळा टब घेऊन विहिरीवर गेली. या टबात ती रोज बांगडे विकायला न्यायची. राखेने तीनदा घासून, धुऊन, कालच भरून ठेवलेलं पाणी तिने त्यात ओतलं आणि चंपाला सोडलं. चंपा टबाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ पोहत गेली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला न वळता इतकं लांब जाता आलं होतं. पण शेजारचा बोका लगेच कुंपणावर येऊन बसला. टब उघडा आणि घर माशांच्या वासाचं. टबात चंपाला फार दिवस ठेवता येणार नाही, हे सगळ्यांनाच कळलं. आजी हातात खराटा घेऊन बसली. रस्त्याने जाणारी एक बाई म्हणाली, "गोदावैनी, हा नारिंगी मासा कितीला?"

"हा इकायचा नाय गो," आजी म्हणाली. "हा पावना हाय."

गुरुवारची सगळी दुपार मेस्त्री माझं अंग खरवडत होते. ब्लेडने, नखाने, स्पिरिटच्या फडक्याने. घाई नाही. एक बोट जागा झाली की सानवी त्यावर बोट घासून बघायची. बोट घसरलं की म्हणायची, "अजून तेल आहे." काच कुरकुरली की म्हणायची, "झालं." मग मेस्त्रींनी खिडकीच्या जुन्या तावदानातून पट्टी कापून घेतली, तिच्या कडा दगडावर घासल्या आणि मला कुशीवर निजवलं. सानवीने भेगेभोवती चिकटपट्टी लावली. मेस्त्रींनी नळीतून सिलिकॉन सोडलं, वर पट्टी ठेवली आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेली. हवेचा एकेक बुडबुडा बाहेर निघाला. मित्रांनो, त्या अंगठ्याचा दाब मी कधी विसरणार नाही. ज्या हातांनी मोठमोठ्या फळ्या वाकवल्या, ते किती हलके होऊ शकतात.

सिलिकॉनचा आंबट वास घरभर पसरला आणि बोका शिंकत पळून गेला.

मग वाट बघणं. हे सगळ्यात अवघड काम. मेस्त्री सारखे माझ्याजवळ यायचे आणि बोट पुढे करायचे. शेवटी सानवीने वहीच्या कागदावर 'हात लावू नये. हुकमावरून.' असं लिहून मला चिकटवलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी दुपारी मेस्त्रींनी ओटीवर पक्कं लाकडी टेबल मांडलं, पाणसळ लावून ते सपाट असल्याची खात्री केली, वर उंचसखलपणा झेलायला थर्माकोल घातला आणि त्यावर मला ठेवलं. माझे चारही कोपरे कितीतरी दिवसांनी निवांत टेकले. भेगेखाली वर्तमानपत्र पसरलं. आजी कळशीतून पाणी घालू लागली. चार बोटं घालायचं, थांबायचं, बघायचं. निम्मी भरले. कागद कोरडा. तीन हिस्से भरले. कोरडा.

काठापर्यंत आले आणि सानवी म्हणाली, "आबा."

वर्तमानपत्रावर रुपयाएवढा ओला डाग होता. भेगेच्या बरोबर खाली.

सानवीने टबातल्या चंपाकडे पाहिलं. मेस्त्री खाली वाकले, त्यांनी डागावर बोट टेकलं आणि ते जिभेला लावलं. होडीत पाणी साठलं की ते असंच करत. खारट लागलं तर होडी गळते, गोड लागलं तर पावसाचं. उभ्या जन्माची सवय ती.

मेस्त्रींचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"खारट हाय," ते म्हणाले.

"म्हणजे गळते?" सानवीने विचारलं.

"नाय गो. टाकीत इहिरीचं गोडं पाणी हाय. हा माजा घाम." तेवढ्यात त्यांच्या हनुवटीवरून दुसरा थेंब त्याच जागी पडला. आजीने पदराने त्यांचं तोंड पुसलं, आणि त्यानंतर कागद शेवटपर्यंत कोरडाच राहिला.

संध्याकाळी सानवीने चंपाला ओंजळीत धरून माझ्यात सोडलं. चंपा आधी तळाशी गेली, मग वर आली, मग माझ्या चारही काचांना तोंड लावून आली. भेगेपाशी जरा थांबली, पट्टीकडे बघितलं आणि पुढे गेली. माझ्यात पुन्हा कुणीतरी राहायला आलं होतं.

आता अभय येता-जाता भेगेखाली ओल शोधतो. ज्या पोरांनी 'काच फुगली काय' म्हटलं, तीच शाळा सुटल्यावर माझ्यासमोर बसतात, आणि मेस्त्री त्यांना टाकी दुरुस्त करायला शिकवतात. सुरुवातीला प्रत्येकाला हात वर करायला लावतात. आणि रोज दुपारी, मासे विकून आल्यावर, रिकामा टब शेजारी ठेवून गोदाआजी माझ्यापुढे बसते. परवा सानवीने तिला विचारलं, "काय बघतेस गो आजी?"

"चाळीस वर्सं मासे इकले," आजी म्हणाली. "पोहताना निवांत बघायचं राहून गेलं होतं."

मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी तडकलेली, अडगळीत पडलेली वस्तू असेल. ती फेकण्याआधी एकदा हातात घ्या. ती कशाची बनलीय ते नीट समजून घ्या, समजलं नाही तर विचारा. आधी जुनं खरवडा, मग नवं लावा, आणि मग हात मागे घेऊन थांबा. एवढं तुमच्याकडून झालं नाही, तरी माझी एक विनंती ऐका. माझ्यासारखी कोणी तुमच्या घरी आली, तर तिच्या बुडाखाली थर्माकोल तेवढा घाला.