मावशींचा नवा डोळा

डॉक्टरीणबाईंनी पट्टी अलगद सोडवली आणि म्हणाल्या, "हं, आता हळूच उघडा. घाई नको."

घाई नको म्हणे! मावशींनी डोळा उघडला तो खाडकन. क्षणभर समोर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही तर अगदीच पोरसवदा आहात हो! मी आपली माझ्या वयाच्या समजून तुम्हाला गुडघ्यावरचे उपाय सांगत होते."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. मागे उभा असलेला मावशींचा मुलगा ओशाळला. ही नुसती सुरुवात आहे हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं!

मावशी म्हणजे गल्लीच्या शिलाईमावशी. निम्म्या घरांचे पडदे आणि पोरांचे गणवेश त्यांच्या मशीनखालून गेलेले. गेली दोन वर्षं मात्र मोतीबिंदूनं त्यांना जेरीस आणलं होतं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्या उजव्यातून सारं जग चहात बुचकळून काढल्यासारखं दिसायचं. हातांना सवय होती म्हणून शिलाई चालली होती, एवढंच.

काळा चष्मा लावून त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या आणि अर्ध्यातच थबकल्या.

"अरे, त्या झाडाची पानं बघ! सुटी सुटी दिसतायत!"

"आई, पानं सुटीच असतात."

"तुला काय कळणार त्यातलं! माझ्यासाठी तो नुसता हिरवा बोळा होता."

टॅक्सीत तर त्यांच्या बोलण्याला खंडच नव्हता. कुणाच्या गच्चीत चादर वाळतेय, कुठला कावळा तारेवर बसलाय, पुढच्या गाडीला पोचा आलाय, सगळं सांगून झालं. टॅक्सीवाला शेवटी म्हणाला, "आजी, रस्त्यावरचा खड्डा दिसला की तेवढं सांगा मला."

घरी सून दारातच वाट बघत होती. मावशींनी आधी तिच्याकडे, मग भिंतीकडे पाहिलं.

"ही भिंत पांढरी आहे?"

"पांढरीच आहे की. मागच्या वर्षी नाही का रंग दिला?"

"आणि मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले, सुनेनं काय झकास पिवळा रंग निवडलाय म्हणून!"

सून हसता हसता खाली बसली. तेवढ्यात नात धावत आली आणि आजीनं तिची हनुवटी धरली. "अगं, तुझे पुढचे दात कुठे गेले?"

"आजी, ते कधीच पडले. आता नवे येतायत." नातीनं तोंड वासून दाखवलं. हिरडीतून वर आलेली ती तांदळाएवढी पांढरी टोकं बघताना मावशींना एकदम भरून आलं, पण डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणून त्या घाईघाईनं आरशाकडे वळल्या. "आणि ही कोण बया?" असं त्यांनी आरशालाच विचारलं, तेव्हा मुलगाही हसायला लागला.

हे सगळं बघायला वरच्या मजल्यावरची घड्याळबाई हजर होतीच. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून ते नाव पडलेलं. रोज सकाळी खाली यायचं, मावशींच्या दिवसभराच्या सुया ओवून मशीनजवळच्या इवल्या गादीला टोचून ठेवायच्या, मग दोघींनी चहा घेत गल्लीची खबरबात करायची, असा तिचा शिरस्ता. सुया ओवताना ती खिडकीकडे तोंड करून बसायची. "तू बघत बसलीस की माझा हात थरथरतो," म्हणायची. मावशींना तिच्या नजरेचं भारी कौतुक. जिला तिला सांगायच्या, "माझ्याच वयाची, पण डोळे बघा कसे, ससाण्याचे!"

महिन्यानं जवळचा चष्मा आला. मावशींनी सुई उचलली, दोरा ओठात भिजवला, आणि पहिल्याच झटक्यात दोरा आरपार! त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की सुनेच्या हातून चमचा पडला. ती ओवलेली सुई नाचवत त्या तशाच जिना चढून वर गेल्या.

"अगं, ओवली! मी ओवली! माझी मी!"

"बरं झालं," घड्याळबाई म्हणाली. तिनं सुईकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा ठेवून मावशी वाट बघत राहिल्या. आधी राग आला, मग काळजी वाटली, आणि शेवटी न राहवून त्या वर गेल्या.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे की. पण आता माझं काय काम खाली?"

"काम? तू माझ्याकडे कामाला यायचीस?"

घड्याळबाई चहा करते म्हणून उठली. कपात चहा ओतताना धार कपाच्या बाहेर बशीत, बशीतून टेबलावर, आणि तिचं आपलं ओतणं चालूच. मग भिंतीवरच्या घड्याळाला जवळजवळ नाक लावून तिनं वेळ बघितली. मावशी बघत होत्या. महिन्यापूर्वी यातलं काहीच त्यांना दिसलं नसतं.

"ए," त्या हळूच म्हणाल्या, "तुला दिसत नाहीये."

"छे! काहीतरीच काय!"

"मी नवा डोळा घेऊन आलेय, मला फसवू नकोस. ही किती बोटं?"

"…तीन?"

"मी हात वर केलेलाच नाही, बाई!"

घड्याळबाईनं कसंनुसं हसत कनवटीची पुरचुंडी सोडली. आत नखाएवढी पत्र्याची चकती, तिला केसासारखी बारीक तार. तार चाचपडत नेढ्यात घालायची, त्यात दोरा अडकवायचा आणि ओढून घ्यायचा, की सुई ओवली. "नवऱ्याच्या सामानात सापडली. मला तरी कुठे नेढं दिसतंय! पण तू सगळ्यांना ससाण्याचे डोळे सांगत सुटलीस. मग कसं बोलणार?"

मावशी आधी आ वासून बघत राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. "म्हणजे इतके दिवस एक आंधळी दुसऱ्या आंधळीच्या सुया ओवत होती!" घड्याळबाईही फिस्सकन हसली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून पोट दुखेपर्यंत हसल्या. खालून सुनेनं घाबरून हाक मारली, तर उत्तर द्यायलाही जमेना.

"मग डॉक्टरकडे का नाही गेलीस गं?"

"भीती वाटते. डोळ्याला कुणी हात लावायचा म्हटलं की मी डोळे गच्च मिटूनच घेते."

"मला काय वाटत नव्हती? टेबलावर पडले आणि मनातल्या मनात पायजम्याचं माप घेत बसले. मांडीपर्यंत पोचते न पोचते तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं!" मावशींनी खुर्ची पुढे ओढली. "आणि नंतरचं तर ऐक. कांद्याच्या सालीला गुलाबी रेघा असतात, माहितेय? धुतलेल्या पेल्यावर खिडकी दिसते, चौकटीसकट. माझा मुलगा झोपला ना, की अजून भुवया उडवतो, लहानपणी उडवायचा तश्शा. आणि तुझ्या गालावर तीळ आहे!"

"तो पहिल्यापासून आहे."

"असेल. मला परवा परत मिळाला."

घड्याळबाईनं गालावरून बोट फिरवलं. मग एकदम उठली आणि जिन्यात जाऊन खाली ओरडली, "अगं सूनबाई! तुझा नवरा घरात आहे का? त्या डॉक्टरीणबाईंकडे माझा नंबर लावायला सांग! आत्ताच्या आत्ता, माझा विचार बदलायच्या आत!"

खाली एकच धांदल उडाली. मुलानं फोन लावला आणि पुढच्याच आठवड्यातली वेळ मिळाली. आता आइस्क्रीम पाहिजेच, असं नातीनं जाहीर केलं, आणि वरात निघाली. नात उड्या मारत पुढे, मुलगा आणि सून मधे, मागून हातात हात घालून या दोघी. आइस्क्रीम घेऊन परतताना मावशी दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत होत्या, येणारेजाणारे वळून बघत होते.

"'येथे चपला शिऊन मिळतील.' 'वू'च्या जागी 'ऊ' काढलाय गाढवानं! 'उधारी बंद.' 'दाढी, कटिंग, आणि…' थांब, पुसलंय."

"आणि काय? नीट बघ ना!" घड्याळबाईनं मावशींचा दंड हलवला.

"…'आणि मालिश'!"

"या वयात नको मला मालिश," घड्याळबाई म्हणाली, आणि आइस्क्रीम मनगटावरून ओघळत असताना दोघी भर रस्त्यात पुन्हा हसत सुटल्या.