मागच्या सीटवरची बडबड

"मावशी, गाडी चालवणाऱ्यानं प्रेमात पडून सुस्कारा टाकला, तर तुझी गाडी काच खाली करते का?"

हा प्रश्न मैत्रिणींनी पैज लावून तिच्या गळ्यात मारला होता. विचारून दाखव, तरच तू खरी रेडिओ! आणि वर्गात जिला सगळे रेडिओच म्हणत, तिनं पट्टा लावायच्या आत तो विचारूनसुद्धा टाकला. मावशी मात्र हलली नाही. गाडीला माणसाचं बोलणं कळतंय की नाही हे तपासणं हेच तिचं काम. दिवसभर ती गाड्यांशीच बोलायची.

"सुस्काऱ्याची चाचणी राहिलीच की," ती वहीत टिपून घेत म्हणाली. "काका, तुम्हाला येतो का हो सुस्कारा?"

"सासरेबुवा राहायला आले की येतो," चालककाका म्हणाले.

रेडिओ इतकी हसली की तिला उचकी लागली. खरं तर तिनं तोंड पाडून बसायला हवं होतं. सोमवारी तिची रवानगी ब तुकडीत व्हायची होती. बाईंनी तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या: मुलगी हुशार आहे, पण तोंडाला कुलूप नाही, मैत्रिणींपासून लांब बसवा. अर्ज घरी टेबलावर पडला होता, फक्त बाबांची सही बाकी. तिनं ना रडारड केली ना भांडण. करणार काय? चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं!

अशातच आज सकाळी घरी मावशीचा फोन आला होता. तिच्या कचेरीतल्या ज्या गृहस्थांचं काम मागच्या सीटवर बसून गप्पा मारायचं होतं, त्यांचा घसा बसला होता. "तासभर न थांबता बोलणारं माणूस पाहिजे, लगेच!"

"घेऊन जा," आई म्हणाली होती. "परत आणायची घाई करू नकोस."

काम असं होतं: गाडी मोकळ्या रस्त्यावर भरधाव सोडायची, काचा अर्ध्या खाली, पंखा पूर्ण वेगात. काका साठ हुकूम देणार. गाणं बदल, घरचा रस्ता दाखव, काच वर कर. मागून कुणीतरी सतत बडबडत राहणार, आणि त्या गोंधळात गाडीनं फक्त काकांचं ऐकायचं. तीन आठवडे गाडी साठातले एकोणसाठ हुकूम बिनचूक पाळत होती. आजची फेरी पार पडली की मावशी साहेबांना कळवणार होती, गाडी तयार!

"कर सुरू," मावशी म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य कुणी तिला म्हटलं होतं. रेडिओ सुटली! बाईंची नवी चप्पल, प्रयोगशाळेत शिरलेलं मांजर, बीजगणितातला तो क्ष जो कधीच आपणहून सापडत नाही, चुलतबहिणीची नळात अडकलेली अंगठी... काका ओरडले, "गाणं बदल!" ती चालूच. काका पुन्हा ओरडले. गाडी म्हणाली, "समजलं नाही, पुन्हा सांगा." रेडिओ सांगत होती, "आणि मग बाई म्हणाल्या, काच खाली कर!" तर खरंच तिच्या बाजूची काच सर्रकन खाली आली, आणि तिचे केस तिच्याच तोंडात गेले. केस थुंकून ती पुढं बोलायला लागली.

काकांनी आरशातून मावशीकडे पाहिलं. "ताई, हिला जरा दमानं घ्यायला सांगू का?"

मावशीचा चेहरा उतरला होता. तरी ती म्हणाली, "नको. बोलू दे."

साठातले एकतीस.

गाडी रस्त्याकडेला उभी राहिली. रेडिओला वाटलं, शाळेत कमी होतं म्हणून आता मावशीच्या कामाचीही वाट लावली! मावशीनं कानाला हेडफोन लावले आणि जुन्या फेऱ्या एकामागून एक ऐकायला घेतल्या. वीस मिनिटं गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. रेडिओनंही नाही. ती मावशीच्या भुवयांकडे टक लावून बसली होती.

"ही बंद पडली का हो?" काका हळूच म्हणाले.

एकदम मावशी खो खो हसायला लागली. "काका, ऐका! हे आपले गृहस्थ फ्रिजची गोष्ट सांगतायत... आणि तुम्ही हुकूम द्यायला श्वास घेतला की? गप्प! हुकूम संपला की फ्रिज पुन्हा सुरू. साठच्या साठ वेळा!"

"अहो, हुकूम चालू असताना आवाज करायचा नाही, ही सवयच लागलीये आम्हाला," काका म्हणाले. मग कान खाजवत पुढं म्हणाले, "आणि मीही त्यांचं वाक्य संपायची वाट बघायचो. मधेच तोंड घालणं बरं दिसत नाही ना."

"म्हणजे तीन आठवडे आपण शांत गाडीचीच चाचणी घेत होतो!"

मावशीनं तिथूनच साहेबांना फोन लावला. "नाही सर, गाडी तयार नाही. हो, कालपर्यंत होती. कारण आज पहिल्यांदा मागच्या सीटवर खरं माणूस बसलं होतं." साहेब पलीकडे बराच वेळ तापले. मावशी "हो सर, हो सर" करत राहिली, आणि फोन ठेवून तिनं रेडिओच्या गालाचा करकचून मुका घेतला. "मार मी खाईन गं. तू कामाची निघालीस!"

घरी रेडिओ जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. बाबा चष्मा पुसत अर्जासमोर बसले होते, आई चहा गाळत होती.

"आलं बाई आकाशवाणी केंद्र," बाबा म्हणाले.

"सही करू नका," ती धापा टाकत म्हणाली. "आधी ऐका. आई, गाळणी ठेव ना! आज मी तासभर बोलले, आणि नंतर वीस मिनिटं गप्प बसले. कुणी सांगितलं नव्हतं. समोर काय चाललंय ते मला कळून घ्यायचं होतं म्हणून. म्हणजे मला जमतं! मी ब तुकडीत जाणार नाही. सोमवारी बाईंना मी स्वतः भेटणार. तास चालू असताना तोंड बंद ठेवेन, हवं तर एकटी पहिल्या बाकावर बसेन, पण मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणी मला पाहिजेत, आणि तेव्हा मी बोलणार. पोटभर बोलणार. ठरलंय माझं!"