थेंब थांबेपर्यंत

माझा सख्खा भाऊ आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख आहे, आणि आजकाल त्याचं तोंड पाहिलं की मला किळस येते.

काम त्यानेच शिकवलं. बांगडीएवढ्या कड्यात ओली चिकणमाती दाबून भरायची, वर डिझेल, खाली काचेची बारीक नळी. मातीच्या छिद्रांत पाणी ठाण मांडून बसलेलं असतं. त्याला हुसकावल्याशिवाय डिझेलला आत शिरता येत नाही. किती दाबाला पाणी जागा सोडतं, ते मोजायचं. दाब पायरीपायरीने वाढवायचा आणि दर पायरीला नळीतला थेंब सरकायचा थांबेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. कधी दोन-दोन दिवस जातात. मी घाई केली की दादा माझा कान पिळायचा.

डिझेल डेपोच्या टाक्यांखालच्या मातीची चाचणी मात्र त्याने स्वतः केली, एका सकाळीत उरकली. पायरीला दहा मिनिटं. पाणी हलायच्या आतच दाब पुढे गेला, म्हणून आकडा मस्त फुगला; माती डिझेल अडवते असा अहवाल गेला, टाक्या भरल्या. त्याला आता महिना झाला. डेपोच्या उताराला मावशीचं घर आहे, आणि आठ घरांत मिळून एक विहीर.

उरलेल्या मातीचं कडं मी शुक्रवारी लावलं, त्याच्या आकड्याच्या निम्म्याच दाबावर, आणि तसंच सोडून दिलं. सोमवारी येऊन बघते तर खालच्या ट्रेमध्ये डिझेल.

दादाला बोलावून दाखवलं. त्याने फडक्याने ट्रे पुसला, अगदी कडेकोपऱ्यांसकट, आणि माती भरताना माझाच हात चुकला असेल म्हणाला. वर पुन्हा मायेने विचारतो, "इतकी वाट कोण बघतं गं?"

"डिझेल बघतं," मी म्हणाले.

तो हात धुवायला आत गेला. मी तिथूनच मावशीला फोन लावला आणि विहिरीचं पाणी पिऊ नकोस म्हणून सांगितलं.

"अगं, ते कधीच सोडलं," मावशी म्हणाली. "टाक्या भरल्या त्याच आठवड्यापासून दादा मला पाण्याचे कॅन आणून देतो. कुणाला सांगू नकोस म्हणालाय, सगळ्यांना कुठून पुरवणार. गुणाचं पोर आहे."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि बाकीच्या सात घरांना त्याने महिनाभर खुशाल ते पाणी भरू दिलं. आत नळ वाहत होता. दादा अजून हात धूत होता.

"मावशी, शेजारच्या काकूंना फोन दे," मी म्हणाले. "मग त्यांच्या शेजारच्यांना."