पंचफुलाची सरासरी

तक्ता मी आखला होता. इंटर सायन्सच्या वर्षी, जुलैतल्या एका रविवारी, यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात, आमच्या खोलीतल्या एकुलत्या टेबलावर. एकूण गुण सहाशे. मला तीनशे साठ हवे होते, म्हणजे पहिला वर्ग. माझ्या वडिलांनी, नानाजींनी, आमच्या गावी फुलसावंगीत तो आधीच जाहीर करून टाकला होता. माझ्या खोलीतल्या पंचफुलाला तीनशे हवे होते. सरासरी पन्नास टक्के पडली, तरच तिला शिष्यवृत्ती देणारी संस्था बी.एस्सी.चा खर्च उचलणार होती. नाहीतर तिला घाटंजीला परत जावं लागणार होतं.

"लगन जमवून राह्यली का व तू?" ती माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. "इतके गुण तं भटजी बी जुळवत नाही."

"हस तू. इंग्रजीत किती धरू?"

"धर चाळीस. तुह्या हातानं लिहिलं म्हणजे भेटनच."

विषयवार गुण, आठवड्याचे तास, प्रत्येक चाचणीनंतर किती कमी पडले ते भरायला मोकळा रकाना. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पन्नास गुण होते. तिथे मी माझ्यासाठी चाळीस आणि तिच्यासाठी पस्तीस लिहिले. आम्ही प्रयोगाला एकत्र होतो, म्हणून ते पस्तीस मी हाती आल्यासारखेच धरले. प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं, त्यासाठी अठरा लागतात, हे मला ठाऊक होतं. पण पस्तीस धरल्यावर अठराची काळजी कोण करतो?

प्रयोगशाळेत आपापली नावं लिहून जोड्या ठरवायची यादी लागली तेव्हा पंचफुलाच्या नावापुढची जागा चार दिवस रिकामी होती. पाचव्या दिवशी मी तिथे माझं नाव लिहिलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. वडिलांना मात्र मी ते पत्रात कळवलं नाही.

ज्यांनी त्या काळी शास्त्र घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिपेट ही काचेची लांब नळी. तिचं एक टोक द्रावणात बुडवायचं, दुसरं तोंडात धरून द्रावण खुणेच्या वर ओढायचं, चटकन तोंड काढून तर्जनीनं वरचं टोक बंद करायचं, आणि बोट किंचित सैल करत द्रावण खुणेवर आणायचं. शब्दांत सोपं आहे. हाताला यायला पंधरावीस वेळा करावं लागतं. एका जोडीला एकच पिपेट मिळे.

वर्षभर ती पिपेट मी ओढली. पंचफुला आकडे लिहायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, असं मी म्हणत असे, आणि ते खरंही होतं.

दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, "विमल, एक डाव मले ओढू दे न."

"चुकलं तर दोघींचे गुण जातील. तक्ता पाहा."

तिनं पिपेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तक्त्यात हे बी लिहिलं हाय काय?" ती म्हणाली आणि वही पुढे ओढून तारीख घालू लागली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

परीक्षेत प्रत्येकीनं प्रयोग एकटीनं करायचा असतो.

जूनमध्ये निकाल लागला. मला तीनशे सहासष्ट मिळाले. नानाजींनी पेढे वाटले. पंचफुलाची बेरीज मी तिच्या गुणपत्रिकेवरून स्वतः केली, दोनदा केली. तीनशे सात. एकावन्न टक्क्यांच्या वर. आणि प्रॅक्टिकलला पन्नासपैकी बारा. माझ्या तक्त्यातल्या पस्तिसाला तेवीस कमी पडले होते, ते तिनं गणितात आणि इंग्रजीत जास्त मिळवून भरून काढले होते, वर सात. सरासरी गाठूनही ती नापास होती.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसता येणार होतं. त्या अर्जावर वडिलांची सही लागत होती. शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले तरी तिचा अर्ज आला नाही, तेव्हा मी घाटंजीची गाडी धरली.

बाजाराचा दिवस होता. गर्दीतून वाट काढत मी पंचफुलाच्या घरी पोचले. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाचं एकच चित्र. वडील, श्रावणराव, खाटेवर बसले होते. आई, रुखमाबाई, मला पाहून लगबगीनं उठली.

"बसा बाई, बसा. तुमच्यासारखी मैतरीण भेटली म्हून पोरगी इथवर तरी गेली." तिनं कपबशीत चहा आणला. मी तो प्यायले. पीत असताना पंचफुला माझ्याकडे बघत होती, आणि मी पितेय हे तिला दिसावं अशी माझी इच्छा होती. ते आठवलं की आजही मला कप खाली ठेवावासा वाटतो.

"अर्जाचं काय झालं, काका?"

"कायले भरायचा?" श्रावणराव म्हणाले. "मास्तर सांगत होता, पोरीचं डोस्कं चांगलं हाय पन हात चालत नाही. लिहिनं येते, करनं येत नाही. तिचा मामा म्हन्ते, आता ठिकानं पाहू. मी तरी किती डाव लोकाइले तोंड देऊ?"

पंचफुला म्हणाली, "नळी ओढाले गेली तं बोट कोनतं लावाचं तेच समजलं नाही मले. अंगठा लावला. अंगठ्यानं रायते काय थे? सारं सुटून गेलं. दुसऱ्या डाव जोरानं ओढलं तं कास्टिक सोडा तोंडात आला. जीभ सोलली माही." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. तिनं निरीक्षण नोंदवावं तसं सांगितलं.

"चूक माझी आहे, काका," मी म्हणाले. "वर्षभर प्रयोग मीच केले. तिला करू दिले नाहीत. माझे गुण जातील अशी भीती वाटायची."

"असं हाय काय," रुखमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती.

"पूर्न सांग," पंचफुला म्हणाली.

"पूर्णच सांगितलं."

"नाही सांगितलं."

बाहेर बैलगाडी थांबली होती. पंचफुलाचा मामा, उकंडा, दोन माणसांसह ओसरीवर येऊन टेकला होता. ती माणसं स्थळ घेऊन आली होती, हे त्यांच्या धुतलेल्या धोतरांवरून कळत होतं.

माझी नजर जमिनीवर होती. "नळी तोंडात धरावी लागते," मी म्हणाले. "एकच होती. तिनं ओढली असती तर नंतर मला तोंडात धरावी लागली असती. मला ते नको होतं. गुणांचं कारण मी मागून जुळवलं."

रुखमाबाईनं माझ्या पुढ्यातली कपबशी उचलली आणि आत नेली.

"काय म्हने थे?" उकंडानं ओसरीवरून विचारलं. "मांगं ऐकू नाही आलं."

श्रावणराव काही म्हणणार होते. पंचफुलानं त्यांना हातानं थांबवलं.

"मामाले सांग, विमल. जरा मोठ्यानं. त्याइले बी ऐकू दे."

मी उभी राहिले. ओसरीवरच्या तीन अनोळखी चेहऱ्यांकडे पाहून पुन्हा सांगितलं. या वेळी गुणांचा उल्लेख केला नाही. पंचफुलाचा हात चालतो, मी तो चालू दिला नाही, कारण तिच्या तोंडची नळी मला तोंडात धरायची नव्हती. एवढंच. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

उकंडा टोपी सारखी करत उठला. मग त्या दोघांना म्हणाला, "चाला बाप्पा, बाजारात चहा पिऊ. आज काही जमत नाही."

श्रावणरावांनी अर्ज मागितला. सही करायला त्यांना वेळ लागला. सोळाव्या वर्षी शिकलेली सही होती ती, प्रत्येक अक्षर वेगळं.

मी सवयीनं हात पुढे केला. "दे, मी जातेच आहे यवतमाळला. ऑफिसात देऊन टाकते."

पंचफुलानं अर्जाची घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच भरीन. तू निंघ आता, तुही गाडी सुटन."