पंख्याची तक्रार आणि चुकलेला ठेका

मित्रांनो, वडपे गावातल्या गोदामात खोक्यांच्या आडोशाला बसलेला मी एक जुना संगणक आहे. पडदा पिवळा पडलाय, एक-दोन बटणं रुसलीत. पण मन ताजं आहे, कारण माझ्या पोटात कीर्तन आहे. ते तिथे कसं आलं, ऐका.

२००७ साली मी आलो तेव्हा मालक दौलतशेठांनी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग संगणकाचं काम बघणाऱ्या मितेशने माझ्यात तक्रारींचं पान बनवलं. काही बिघडलं की त्यावर लिहायचं, खाली ज्याचं काम त्याने उत्तर द्यायचं. आपलं लिहिलेलं मागाहून बदलताही यायचं.

मालाची नोंद ठेवणाऱ्या करिष्माने एकदा लिहिलं, ‘पंखा हळू फिरतो, फार उकडतं.’ विजेचं काम बघणाऱ्या केसरीनाथकाकांनी पंखा वाढवला आणि खाली लिहिलं, ‘उद्या आणखी जोरात करतो. राम कृष्ण हरी.’ पंखा असा सुटला की करिष्माचे कागद गोदामभर उडाले. नवी तक्रार कशाला, म्हणून तिने जुनीच बदलली, ‘पंखा फार जोरात फिरतो, कागद उडतात,’ आणि जेवायला गेली.

खाली काकांचं उत्तर तसंच होतं. शेठांनी ते वाचलं आणि भडकले. त्या संध्याकाळी काकांना मानकोलीच्या देवळात कीर्तनाला पखवाज वाजवायचा होता. लवकर सुटीही मिळाली होती.

“पोरीचे कागद उडतात आन् तू देवाचं नाव घेऊन मस्करी करतोस? सुटी न्हाय.”

काका माझ्या पडद्याकडे बघतच राहिले. मला सगळं ठाऊक होतं, पण मला कुठे तोंड?

करिष्माने परत येऊन पान पाहिलं आणि ती शेठांकडे धावली. “शेठ, वाक्य मी बदललं. काकांचं उत्तर आधीच्याला होतं.”

शेठांनी पान पुन्हा वाचलं. मग पोट धरून हसले. “जा रं केसरीनाथ, पखवाज काढ. मी बी मागून येतोच हाय.”

मितेश मात्र म्हणाला, आता बदलणं बंदच, लिहिलं ते लिहिलं. करिष्मा फणकारली, घाईत गाडीचा नंबर चुकला तर माल भलतीकडे धाडायचा का. दोघांची जुंपली, तसे शेठ मध्ये पडले.

“कीर्तनात बुवा बी चुकतात. ‘चुकलो मंडळी’ म्हणतात आन् फिरून नीट गातात. पहिलं म्हटलंच न्हाय, असं दाखवत न्हायत.”

मितेशने तसंच केलं. बदलायला मुभा, पण जुनं वाक्य आडव्या रेघेने खोडलेलं तिथेच दिसत राहायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने देवळातल्या त्या कीर्तनाची सीडी माझ्यात भरली. सगळे भोवती जमले. ऐन गजरात काकांचा ठेका चुकला, टाळकरी अडखळले, “माफी, माउली” असं काकाच म्हणाले, आणि मग पखवाज असा घुमला की गोदामाचे पत्रे थरथरले.

“काका, तेवढं कापून टाकू?” मितेशने विचारलं.

“राहू दे. त्याच्यामुळंच पुढचं गोड लागतंय.”

मित्रांनो, आता माझं काम नवा संगणक करतो. तरी जेवणाच्या सुटीत करिष्मा येते, माझ्यावरची धूळ पुसते आणि कीर्तन लावते. तुम्हीही धूळ जरूर पुसा. चूक मात्र पुसू नका, तिच्या शेजारी नीट लिहा. तो ठेका चुकतो तिथे आजही अख्खं गोदाम हसतं, काका सर्वांत मोठ्याने, आणि मी पुढे वाजत राहतो.